दगड कुठून आणलास ते आधी सांग

"किती जुना असेल गं हा?" असं म्हणत एका मित्राने घर आवरताना सापडलेला दगड माझ्या हातात ठेवला. तळहातावर मावेल एवढा राखाडी चुनखडक, आणि त्यातून अर्धवट वर आलेलं एक वेटोळं, जाड दोर गुंडाळून ठेवावा तसं. मी वयाचं काही बोलायच्या आधी विचारलं, कुठून आणलास ते आधी सांग. तर म्हणे ते माहीत नाही, काकांच्या कपाटात होता, काकांना कोणी दिला ते काकांनाच ठाऊक, आणि काका आता नाहीत. झालं! जन्मदाखला हरवलेला माणूस निदान तोंडाने काहीतरी सांगतो, हा तर दगड.

त्याला वाटलं मी टाळतेय. "अगं मग कार्बन डेटिंग करून घेऊ ना कुठेतरी." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही. कार्बन-१४ ची मजल फार तर ५० हजार वर्षांपर्यंत, आणि हे वेटोळं मला वाटलं तसं अमोनॉईडचं, म्हणजे वेटोळ्या शिंपल्यात राहणाऱ्या समुद्रातल्या प्राण्याचं असेल, तर या घराण्यातले शेवटचे प्राणी गेले त्याला ६ कोटी ६० लाख वर्षं झाली, म्हणजे फूटपट्टी घेऊन चंद्राचं अंतर मोजायला निघाल्यासारखं ते. लोकांना वाटतं वय दगडातच कुठेतरी दडलेलं असतं, मशीनमध्ये घातला की आकडा बाहेर. चुनखडकाच्या बाबतीत तसं होत नाही. तो म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेला चुन्याचा चिखल आणि शिंपल्यांचा चुरा, नंतर घट्ट झालेला, त्यात सहसा असं काही नसतं की जे चिखल साचला त्याच दिवशी टिकटिक करायला लागलं. त्याचं वय दुसरीकडून उसनं आणावं लागतं. आणि उसनं आणायचं तर आधी आत बसलेल्या प्राण्याचं नाव कळायला हवं.

तर नाव. पहिली शंका ही की हा साधा गोगलगायीचा शंख तर नाही ना. शंखाचं वेटोळं बहुतेक वेळा जिन्यासारखं वर चढत जातं आणि आतून ती एकच पोकळ नळी असते, अमोनॉईडचं वेटोळं बहुतेक वेळा एकाच पातळीत असतं आणि आत भिंती असतात, खोल्याच खोल्या. (बहुतेक वेळा, कारण निप्पोनाईटीस नावाचा एक क्रेटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातला, प्राणी आहे त्याला बघितलं तर इयरफोनची वायर खिशातून काढल्यासारखा दिसतो.) प्राणी राहायचा फक्त सगळ्यात बाहेरच्या मोठ्या खोलीत, वाढला की पुढे सरकायचा आणि मागे भिंत घालायचा, मागच्या बंद खोल्यांतलं पाणी काढून तिथे वायू भरायचा म्हणजे तरंगायला सोपं. या सगळ्या खोल्यांतून एक बारीक नळी जाते, सायफंकल, आणि तिची जागा बघायची. नॉटिलसमध्ये, म्हणजे यांच्यासारखाच दिसणाऱ्या, आजही समुद्रात असलेल्या प्राण्यात, ती भिंतीच्या साधारण मधून जाते, अमोनॉईडमध्ये बाहेरच्या कडेला चिकटून. (डेव्होनियनच्या, म्हणजे डायनासोरांच्या फार आधीच्या काळाच्या, शेवटी क्लायमेनिया नावाची मंडळी होऊन गेली त्यांची नळी आतल्या कडेला होती, पण ती तेवढ्यापुरतीच, आली आणि गेली.) आमच्या दगडाचं एक टोक तुटलेलं होतं, ते ओलं करून दहापटीच्या भिंगाखाली धरलं तर बाहेरच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा गोल ठिपका दिसला. अमोनॉईड. इथपर्यंत मी बरोबर होते.

जाता जाता एक गंमत, या प्राण्यांत बाहेरच्या कडेला पोट म्हणतात आणि आतल्या कडेला पाठ. आपल्याला उलटं वाटतं, पण वेटोळं घातलेल्याला विचारायला कोण जाणार. दुसरी गंमत म्हणजे दिसायला हुबेहूब नॉटिलस, पण नात्याने हे माखले-ऑक्टोपसच्या जास्त जवळचे. चेहऱ्यावरून नातं ठरवू नये हे इथे जेवढं पटतं तेवढं कुठल्या लग्नातही नाही.

आता सूचर, म्हणजे सांध्याची रेघ. आतली भिंत बाहेरच्या शिंपल्याला जिथे चिकटते तिथे ही रेघ उमटते, आणि शिंपला शाबूत असेल तर ती दिसतच नाही, तो आतून असतो ना तो सांधा. शिंपला अरॅगोनाईट नावाच्या चुन्याच्या खनिजाचा, तो चुनखडकात बहुतेकदा विरघळून जातो किंवा त्याचं कॅल्साईट हे चुन्याचंच दुसरं खनिज होतं, आणि उरतो तो आत भरलेल्या चिखलाचा साचा. म्हणजे आपण जो "जीवाश्म" हातात घेतो तो पुष्कळदा प्राण्याचा नसतोच, त्याच्या घरात शिरलेल्या गाळाचा असतो. पण त्या साच्यावर सांध्यांच्या रेघा अगदी नकाशासारख्या उमटलेल्या असतात आणि ओळखीचं अर्धं काम त्या करतात.

या रेघेचा पुढे तोंडाकडे येणारा फुगवटा म्हणजे सॅडल, मागे जाणारा म्हणजे लोब. दोन्ही साधे गुळगुळीत, लाटेसारखे किंवा टोकदार झिगझॅग असतील तर गोनियाटाईट, डेव्होनियन ते पर्मियन, हे सगळ्यात जुने. सॅडल गुळगुळीत पण लोबच्या तळाला करवतीसारखे दाते असतील तर सेराटाईट, म्हणजे मुख्यतः त्यानंतरचा काळ, ट्रायासिक. आणि दोन्हींना झालर असेल, झालरीला पुन्हा झालर, काठावर बर्फाची नक्षी यावी तशी, तर अमोनाईट, त्याच्याही पुढचे ज्युरासिक आणि क्रेटेशियस. पुस्तकात हे तीन चित्रांत संपतं आणि परीक्षेत मार्क मिळतात. प्रत्यक्षात पर्मियनमध्येही झालरवाले सापडतात, क्रेटेशियसमध्ये काही मंडळी पुन्हा साध्या रेघेवर परत आलेली आहेत, आणि प्रत्येक अमोनाईटची बालपणातली रेघ साधीच असते, त्यामुळे आतल्या वेटोळ्यावर बघाल तर फसाल.

मी फसले, पण या कशाने नाही. माझ्या स्वतःच्या अतिशहाणपणाने.

रेघ नीट दिसत नव्हती. वर दगडाचा पातळ थर होता आणि मला घाई होती. सुईने, भिंग लावून, तासन् तास तो थर टिचक्या मारत काढायचा असतो हे मला माहीत होतं, तरी मी दगड रात्रभर पातळ व्हिनेगरमध्ये ठेवला. चुनखडक ॲसिडमध्ये विरघळतो म्हणून वरचा थर जाईल, असा हिशोब. फक्त एवढंच विसरले की आतला साचाही चुनखडकाचाच आहे. सकाळी बुडबुडे थांबले होते, पाण्याच्या तळाशी राखाडी गाळ आणि दगड स्वच्छ. रेघाही दिसायला लागल्या, गोल गोल सॅडल, लोबच्या तळाशी थोडे दाते. सेराटाईट! जाड बरगड्यांसारख्या रेघा अंगावर, तेही जुळत होतं. मी मित्राला मेसेज टाकला, ट्रायासिक वाटतोय, साधारण २४ कोटी वर्षं. त्याने तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला, फोटोसकट, लोकांचे अंगठे आले, कोणीतरी डायनासोरचा स्टिकर पाठवला.

दोन दिवसांनी मनात खटकलं ते बाहेरच्या कडेमुळे. त्या कडेवरून मध्ये एक धार जात होती, कील म्हणतात तिला, होडीच्या तळाला असते तशी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन खोलगट पन्हळी. ट्रायासिकमधल्या सेराटाईटीस नोडोससची बाहेरची कड रुंद आणि सपाटसर असते, कील नसते. हे मला सुरुवातीलाच दिसायला हवं होतं. दिसलं होतंही, पण उत्तर आधी ठरवलं की नको असलेला पुरावा डोळ्यासमोर असून दिसत नाही.

मग दगड उलटा केला. मागच्या बाजूला अजून खडक चिकटलेला होता, तिथे व्हिनेगर नीट पोचलं नव्हतं. यावेळी शिस्तीत सुई घेतली. चार संध्याकाळी गेल्या. सुई अमुक एका कोनात लागली की वरचा कपचा आपोआप सुटतो आणि खाली साच्याचा गुळगुळीत भाग उघडा पडतो, तो क्षण इतका समाधानाचा असतो की जेवायची आठवण राहत नाही. बोटाच्या पेराएवढी जागा मोकळी झाली आणि तिथे रेघ दिसली. झालर. लोबला झालर, सॅडललाही झालर, बारीक पण ठळक. म्हणजे पुढच्या बाजूची "साधी" रेघ ट्रायासिकने दिलेली नव्हती, माझ्या व्हिनेगरने दिली होती. वरचं नाजूक नक्षीकाम खाऊन टाकलं की उरतो तो ढोबळ आकार, आणि झिजलेला अमोनाईट सेराटाईटसारखा दिसतो. नदीत घासून आलेल्या, उघड्यावर पडून राहिलेल्या दगडांचंही हेच होतं, फक्त त्यांना निदान स्वतःची चूक नसल्याचं समाधान असतं.

यानंतर मोजमाप, कंटाळवाणं पण इमानी काम. पूर्ण व्यास ८८ मिलिमीटर, मधल्या खळग्याचा, म्हणजे बेंबीचा, ४७. निम्म्याहून जास्त, म्हणजे वेटोळी सैल, एकमेकांना जेमतेम टेकलेली, आतली सगळी वेटोळी उघडी. वेटोळ्याचा छेद चौकोनीसर. बरगड्या साध्या, सरळ, न फुटणाऱ्या, बाहेरच्या कडेजवळ किंचित पुढे वळलेल्या. कील आणि दोन पन्हळी.

कील-पन्हळी म्हटल्यावर दोन उमेदवार डोळ्यासमोर येतात. एक हिल्डोसेरास, तोच तो, इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्यावरचा, तिथे सेंट हिल्डाने सापांचे दगड केले अशी कथा आहे आणि पूर्वी लोक अमोनाईटवर सापाचं डोकं कोरून विकायचे, त्या हिल्डावरूनच नाव. (गंडकीच्या पात्रातले शाळिग्राम बहुतेक याच भाऊबंदांचे, आणि रोमन लेखक प्लिनीने यांना अमोन देवाची शिंगं म्हटलं होतं. ज्याने त्याने वेटोळ्यात आपल्या ओळखीचं काहीतरी बघितलं.) पण हिल्डोसेरासच्या बरगड्या विळ्यासारख्या वाकलेल्या असतात, आणि हिल्डोसेरास बायफ्रॉन्सच्या तर वेटोळ्याच्या बाजूवर एक लांब खाचही असते. आमच्या दगडात दोन्ही नाही. दुसरा उमेदवार अरायटाइटीस आणि त्याचं कुटुंब, सरळ बरगड्या, चौकोनी छेद, सैल वेटोळी. इथे सगळं जुळलं. शिवाय मागच्या खडकात एका शिंपल्याचा जाड, नखासारखा वळलेला तुकडा होता, ग्रायफिया, आणि ग्रायफिया आणि अरायटाइटीस युरोपातल्या सुरुवातीच्या ज्युरासिक चुनखडकांत शेजारी-शेजारी सापडतात. एकट्या ग्रायफियावर मी एक पैसा लावला नसता, पण साक्षीदार दुसरा असला की पहिल्याचं म्हणणं जड होतं.

प्रजातीचं नाव मात्र मी लिहिलं नाही. तो मोह फार वाईट. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला लोकांनी अमोनाईटना नावं अशी वाटली की एका थरात एकाच प्राण्याची दहा नावं, इंग्लंडचे बकमन तर यासाठी प्रसिद्धच. त्यातला काही घोळ १९६२-६३ मध्ये सुटला, पोलंडचे माकोव्स्की आणि इंग्लंडचे कॅलोमन यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की एकाच थरात जोडीने येणारे एक मोठा आणि एक छोटा असे प्रकार या दोन प्रजाती नसून नर-मादी असावेत. कॅलोमन पेशाने केमिस्ट्रीवाले, अमोनाईट त्यांचा छंद, हे वाचलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं होतं. मोठा झालेला प्राणी ओळखायचा तर शेवटच्या काही भिंती बघायच्या, वाढ थांबत आली की त्या दाटीवाटीने येतात. आमच्या दगडाचं तेच टोक तुटलेलं, त्यामुळे तो पोरसवदा होता की म्हातारा ते कळायला मार्ग नाही.

आता वय. अरायटाइटीस म्हटलं की अनुभवी माणूस लगेच म्हणेल सिनेम्युरियन, म्हणजे ज्युरासिकचा एक सुरुवातीचा टप्पा, आणि त्यातलाही खालचा भाग. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ दॉर्बिन्यीने फ्रान्समधल्या सेम्युर गावावरून ठेवलेलं. पण लक्षात घ्या, हे वर्षांतलं उत्तर नाही, हा रांगेतला नंबर आहे. आणि ही रांग लावली गेली तेव्हा वर्षं कोणालाच माहीत नव्हती. आल्बर्ट ऑपेल नावाचा जर्मन तरुण, पंचविशीतला, फ्रान्स-इंग्लंड-जर्मनीतले ज्युरासिक थर फिरून बघत होता, आणि त्याने एक साधी पण त्या काळी धाडसाची गोष्ट केली, खडक चुनखडक आहे का शेल, म्हणजे चिखलाचा पापुद्र्यांचा खडक, आहे याकडे लक्षच दिलं नाही, फक्त कुठला जीव कुठल्या जीवाच्या वर आणि कुठल्या खाली येतो एवढं बघितलं. १८५६ ते १८५८ मध्ये त्याने ज्युरासिकचे ३३ झोन पाडले, म्हणजे आतल्या जीवांवरून ओळखायचे ३३ टप्पे. चौतिसाव्या वर्षी तो गेला. आज वायव्य युरोपात सत्तरहून जास्त झोन मानतात, आणि ज्युरासिक साधारण पावणेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे एक झोन सरासरी दहा लाख वर्षांच्याही आत. अमोनाईट यासाठी एवढे कामाचे, कारण ते झपाट्याने बदलायचे आणि समुद्रातून दूरदूर पसरायचे. बदलणाऱ्या फॅशनवरून जुन्या फोटोचा काळ सांगता येतो ना, तसंच.

मग वर्षांचा आकडा आला कुठून? राखेतून. ज्वालामुखीची राख समुद्रात पडते, चुनखडकाच्या दोन थरांमध्ये तिचा बोटभर पातळ थर राहतो, आणि त्या राखेत झिर्कॉन नावाच्या खनिजाचे कण असतात, डोळ्यांना धड न दिसणारे. झिर्कॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. त्यामुळे नंतर आत जे शिसं सापडतं ते युरेनियम विघटन होऊन बनलेलं, आणि युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं, हे पक्कं माहीत आहे. म्हणजे घड्याळ आहे, पण ते अमोनाईटमध्ये नाही, शेजारच्या राखेत आहे, आणि राख जिथे अमोनाईट तिथेच पडेल असं थोडंच आहे. ज्युरासिकची सुरुवात अधिकृतपणे ऑस्ट्रियातल्या कुहयोख इथे एका अमोनाईटच्या पहिल्या हजेरीवर ठरवलीय, सायलोसेरास स्पेली, २०१० पासून. पण त्या सुरुवातीचं २० कोटी १४ लाख हे वय मिळायला मोठा हात पेरूचा, तिथे उत्तरेकडच्या एका खोऱ्यात शेवटच्या ट्रायासिक आणि पहिल्या ज्युरासिक अमोनॉईडांच्या मध्ये राखेचे थर सापडतात. म्हणजे माझ्या हातातला दगड युरोपातला असेल तर त्याचं वय अँडीजमधल्या राखेच्या ओळखीपाळखीवर ठरतंय, अमोनाईटच्या नात्याने एक समुद्र दुसऱ्या समुद्राला जोडत जोडत. राख नसेल तिथे चुनखडक आणि मार्लचे, म्हणजे चुनामिश्रित चिकणमातीचे, आलटून-पालटून येणारे थर मोजतात, पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांची चक्रं, सुमारे एक लाख आणि चार लाख पाच हजार वर्षांची, त्यांच्यात उमटलेली असतात म्हणून. तर सिनेम्युरियन सुरू होतो साधारण १९ कोटी ९५ लाखांना, आणि आमचा दगड त्यानंतर थोडक्याच काळात. मेसेजमधल्या २४ कोटींतून चार कोटी वर्षं एका रात्रीच्या व्हिनेगरने घातलेली.

आणि हेही सगळं तो आपल्या थरातलाच असेल तर. चुनखडक याबाबतीत लबाड असतो. इटलीतला अमोनीतिको रोस्सो घ्या, लाल गाठाळ चुनखडक, तो इतका सावकाश साचला की हातभर जाडीत लाखो वर्षं दाबून बसलेली, एका फरशीवर शेजारी दिसणारे दोन अमोनाईट एकमेकांना कधी भेटलेही नसतील. कधी जुन्या थरातला घट्ट झालेला साचा धुपून बाहेर येतो आणि नव्या चिखलात जाऊन बसतो, मग जीवाश्म खडकापेक्षा म्हातारा. अशा वेळी साच्यातला गाळ आणि बाहेरचा खडक एकसारखे आहेत का बघायचं. आमच्यात एकसारखे होते, रंग तोच, दाणा तोच. पण थराच्या वर काय होतं, खाली काय होतं, ते काकांच्या कपाटात राहिलं. एक चिठ्ठी, गावाचं नाव आणि खाणीतला थर लिहिलेली, एवढी असती तर माझी निम्मी कसरत वाचली असती. म्हणून कोणी दगड दाखवला की मी पहिल्यांदा तेच विचारते, लोकांना ते पोलिसी वाटतं, वाटू दे.

मी मित्राला दुसरा मेसेज टाकला. अरायटाइटीस कुळातला, लोअर सिनेम्युरियन, साधारण १९ कोटी ९० लाख वर्षं, स्थळ माहीत नाही, आधीचं चुकलं. तो म्हणाला, ग्रुपवर आता कसं सांगू? मी म्हटलं सांग की चार कोटींनी तरुण झाला.

चिठ्ठी लिहायला दगड शेवटचा हातात घेतला तेव्हा तुटलेल्या टोकाकडे नीट लक्ष गेलं. तिथे दोन खोल्या आडव्या फुटलेल्या होत्या आणि दोन्ही अर्ध्याच भरलेल्या, अर्ध्यात राखाडी गाळ, अर्ध्यात पांढरा चमकदार कॅल्साईट, मधली रेघ अगदी सरळ. फुटक्या शिंपल्यातून चिखल आत शिरतो तो खाली बसतो, वर पोकळी राहते, ती नंतर स्फटिकांनी भरते. गवंड्याच्या लेव्हलसारखं. राखाडी बाजू खाली, पांढरी वर, समुद्राच्या तळावर तो असाच पडला होता. आणि कपाटात, माझ्या टेबलावर, ग्रुपवरच्या फोटोत, सगळीकडे आम्ही त्याला उलटा ठेवला होता.

मित्र न्यायला आला तेव्हा त्याला ती रेघ दाखवली, तो खूश झाला, म्हणाला आता सरळच ठेवणार. सरळ ठेवला की व्हिनेगरने खाल्लेली बाजू आपोआप खाली जाते, तेवढं मी बोलले नाही.